कॅमेऱ्यासमोर आखडून जाणाऱ्या वधूवरांना मोकळे कसे करावे?

कुळागर | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. मी गोव्यात, फोंडा तालुक्यात गेली आठ वर्षे लग्नांचे फोटो काढतो. तुळशीचे लग्न झाले आणि आमची धावपळ सुरू झाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका देवस्थानच्या सभागृहात माझे एक काम ठरले आहे, आणि त्याविषयी येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

वधूवर दोघेही सज्जन आणि मितभाषी आहेत. गेल्या आठवड्यात सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात त्यांची पहिली सही झाली (आपल्याकडे लग्नाच्या नोंदणीसाठी काही दिवसांच्या अंतराने दोनदा सही करावी लागते), तेव्हा चार फोटो काढण्यासाठी घरच्यांनी मला बोलावले होते. अर्ज भरताना आणि कारकुनाशी बोलताना दोघेही अगदी सहज वागत होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मुलाचे खांदे कानापर्यंत चढले. मुलीने ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळायला घेतले, ते पेर पांढरे पडेपर्यंत ती गुंडाळतच राहिली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आमचे फोटो कधी चांगले येतच नाहीत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." जिचे लग्न आहे तीच माझी समजूत काढत होती, हे मला फार लागले.

याआधी एका लग्नात माझ्या हातून मोठी चूक झालेली आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका लाजऱ्या मुलीचे लग्न होते. अल्बम देऊन काही महिने झाल्यावर तिच्या वडिलांनी सांगितले की तिने तो एकदाच उघडला आणि कपाटात ठेवून दिला. मी त्या लग्नाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यात माझा आवाज ऐकू येतो, "हसा, अजून थोडे हसा, असे नको, मोकळे हसा." मी मोजले, एकट्या स्टेजवर २७ वेळा. प्रत्येक वेळी तिचा चेहरा आणखी ताठ होत गेलेला दिसतो आणि तरीही मी थांबत नाही.

हे पुन्हा होऊ द्यायचे नाही. लग्नाआधीच्या दिवसांत काय करावे आणि लग्नाच्या दिवशी काय टाळावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

जुनी निगेटिव्ह | १८ नोव्हेंबर, रात्री ११.०५

कुळागरबाब, तुम्ही स्वतःचा आवाज मोजलात, त्यामुळे निम्मे काम झालेच आहे. म्हापशात माझा स्टुडिओ होता आणि रोलच्या काळापासून मी हे काम केले. आता थोडेफार छपाईचे काम करतो. एका रोलवर ३६ फोटो मिळत असत आणि एका लग्नाला चार-पाच रोल म्हणजे चैन समजली जाई. त्यामुळे माणूस तयार झाल्याशिवाय बटण दाबायचे नाही, हा धडा आम्हाला खर्चानेच शिकवला. मी लग्नाआधी एकदा वधूच्या घरी आणि एकदा वराच्या घरी कॅमेरा न घेता जात असे. चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या, आणि माणूस कोणत्या विषयावर आपोआप बोलू लागतो ते पाहून ठेवायचे.

"हसा" हा हुकूम आहे आणि हुकमाने डोळे हसत नाहीत. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्येच लिहून ठेवले आहे की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपण ठरवून हलवू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानेच हलतो. म्हणून मी हसायला सांगणे सोडून दिले आणि प्रश्न विचारू लागलो. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर मला न देता त्यांनी एकमेकांना द्यावे. तुमच्या जोडप्याला विचारा, "पहिल्या सहीच्या दिवशी पेन कोणाचे होते?" दोघेही आठवायला लागतील, एकमेकांकडे पाहतील, बहुधा त्यांचे एकमत होणार नाही, आणि तेवढ्यात तुमचा फोटो होऊन जाईल.

दुसरी गोष्ट मला वीस वर्षांनी कळली. माणूस बुजतो तो कॅमेऱ्याला कमी आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसांना जास्त. तुमच्या खांद्यामागे मावशी, आत्या, चुलत भावंडे उभी असतात आणि "हांस मगे मातशें!" असे प्रत्येक जण सांगत असतो. दोन कॅमेरे आणि वीस माणसे एकाच वेळी पाहत असतील तर कोणीही आखडेल. पहिली दहा मिनिटे फक्त तुम्ही आणि ती दोघे, एवढे जमवा. घरातल्या एखाद्या समजूतदार माणसाला आधी विश्वासात घेऊन बाकीच्यांना जेवणाकडे वळवण्याचे काम त्याच्यावर सोपवा.

सासष्टीची लेक | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

गेल्या वर्षी माझे लग्न झाले. मी लहानपणापासून फोटोत मागे उभी राहणारी मुलगी, त्यामुळे दुसऱ्या बाजूने काय वाटते ते सांगते.

आमच्या फोटोग्राफरने माझी मान वळवण्यासाठी न विचारता हनुवटीला हात लावला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. तरीही त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो जवळ आला की माझे अंग आपोआप मागे जात होते, आणि ते फोटोत दिसते. मान किती वळवायची ते स्वतःची मान वळवून दाखवता येते. केस किंवा पदर नीट करायचा असेल तर माझ्या बहिणीला सांगता येते.

तो प्रत्येक फोटोनंतर मागच्या स्क्रीनवर फोटो दाखवायचा. मला धीर यावा हाच त्याचा हेतू असणार, पण मला त्यात माझे दात, माझी मान, दंडावर घट्ट बसलेली पोलक्याची बाही, एवढेच दिसत होते. तिसऱ्या फोटोपासून मी ओठ मिटून घेतले ते कायमचेच.

माझे सर्वांत चांगले फोटो चुडा भरतानाचे आहेत. कासार माझा पंजा दाबून, अंगठ्याचे हाड आत घेऊन बांगड्या चढवत होते. दुखत होते, आणि एखादी बांगडी फुटेल या काळजीने माझे सगळे लक्ष हातावर होते. आई समोर बसून माझ्या मनगटाकडे पाहत होती. फोटो कधी काढले ते मला कळलेच नाही. त्या फोटोंत मी हसत नाही, पण ती मी आहे. तुमच्या मुलीच्या घरी चुड्याचा कार्यक्रम असेल तर तो चुकवू नका.

रात्रपाळी | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

स्क्रीन दाखवण्याबद्दल ताईंनी लिहिले, त्यामागे एक कारण आहे. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात पाहतो, म्हणजे डावे-उजवे उलटलेले. फोटोत चेहरा इतरांना दिसतो तसा असतो, आणि आपल्याला तो किंचित परका वाटतो. १९७७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना त्यांच्याच चेहऱ्याच्या दोन प्रती दाखवल्या होत्या, एक सरळ आणि एक आरशासारखी. त्यांचा स्वतःचा कल आरशासारख्या प्रतीकडे होता आणि त्यांच्या मैत्रिणींचा सरळ प्रतीकडे. "माझे फोटो चांगले येत नाहीत" असे म्हणणाऱ्याला हे शांतपणे समजावून सांगितले तर मनावरचा भार थोडा हलका होतो, असा माझा घरचा अनुभव आहे. हे लग्नाच्या दिवशी सांगू नये. आधीच्या भेटीत सांगावे.

पणजीचा प्रकाश | १९ नोव्हेंबर, दुपारी १.३०

मी पणजीत फोटोग्राफी करतो. माझ्या मते याला एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे प्री-वेडिंग शूट. दोन तास एकत्र काम केले की लग्नाच्या दिवशी तुम्ही त्यांना अनोळखी राहत नाही, आणि आपण कसे दिसतो हेही त्यांना आधी कळते. मी बहुतेक जोडप्यांना फोंतेन्हासच्या जुन्या वस्तीत किंवा मिरामारच्या किनाऱ्यावर नेतो. लाजऱ्या जोडप्यांना तर याची जास्तच गरज असते. ती तयार नसतील तर त्यांना थोडे समजवावे लागते, पण नंतर तीच आभार मानतात.

मळ्यातली खिडकी | १९ नोव्हेंबर, दुपारी ४.१०

मी फोंतेन्हासजवळच राहते. माझ्या खिडकीखाली दर शनिवार-रविवारी जोडपी उभी असतात, म्हणून सांगते. एका पिवळ्या भिंतीसमोर तीन-तीन जोडपी पाळीने उभी राहतात, येणारे-जाणारे पर्यटक थांबून त्यांचेच फोटो काढतात, गाड्या हॉर्न वाजवतात, आणि ज्यांचे घर आहे त्यांना स्वतःच्या दारातून बाहेर पडताना माफ करा म्हणावे लागते. मागच्या महिन्यात एका मुलीला मी आत बोलावून पाणी दिले. ती रडवेली झाली होती, कारण रस्त्यावरच्या मुलांनी तिच्या पोझची नक्कल केली होती. पणजीचा प्रकाश, तुमची भावना मी समजू शकते, परंतु बुजऱ्या माणसाचा सराव भर रस्त्यात होत नाही. त्याला निवांत जागा पाहिजे, आणि आम्हालाही.

पणजीचा प्रकाश | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२०

खिडकीताई, तुमचे म्हणणे मला मान्य आहे. त्या मुलीच्या जागी माझे एखादे गिऱ्हाईक असू शकते, हा विचार आज दिवसभर मनातून गेला नाही. आधी एकदा एकत्र काम करावे हे माझे मत कायम आहे. जागेची निवड मात्र मी आजवर माझ्या सोयीने करत आलो, त्यांच्या सोयीने केली नाही. आता मी रायबंदरहून चोडणला जाणारी सकाळची फेरीबोट सुचवेन. फेरीत उभे राहिले की माणूस कठड्याला हात टेकतो आणि पाण्याकडे पाहू लागतो. काय करायचे ते सांगावेच लागत नाही, आणि पलीकडे उतरल्यावर शेताच्या कडेने चालायला रस्ता आहे.

जुनी निगेटिव्ह | १९ नोव्हेंबर, रात्री ९.००

प्री-वेडिंग नको असेल तर ओढून नेऊ नये. कुळागरबाबांच्या जोडप्याची दुसरी सही अजून व्हायची आहे ना? आपल्याकडे नागरी नोंदणी सक्तीची आहे आणि दोन सह्यांच्या मध्ये काही दिवस जातात, ही फार चांगली संधी आहे. दुसऱ्या सहीच्या दिवशी साध्या कपड्यांत, दोन-तीन साक्षीदारांसमोर, खरोखरच एक काम चाललेले असते. त्याच्याइतका चांगला सराव कुठल्या किनाऱ्यावर मिळणार नाही. तेथे कोणतीही पोझ सांगू नका. त्यांना तुमच्या असण्याची सवय होऊ द्या.

दुसरा कॅमेरा | २० नोव्हेंबर, सकाळी ८.२५

मी मोठ्या लग्नांत सहायक म्हणून कँडिड फोटो काढते, विशेषतः वधूच्या खोलीतले. वधूच्या खोलीत शक्य तो बाईनेच जावे, आणि तीही सकाळी पहिल्यांदा कॅमेरा पिशवीतच ठेवून, ही माझी पहिली सूचना.

आता साधनांबद्दल थोडे लिहिते, कारण माणूस बुजण्यात त्यांचाही वाटा असतो. ३५ मिलिमीटरची लेन्स घेऊन चेहऱ्याच्या एक हात अंतरावर गेलात तर नाक मोठे दिसते आणि समोरचा मागे सरकतो. ८५ ची लेन्स घेऊन सात-आठ फुटांवर थांबा. चेहऱ्याचे प्रमाण बरोबर येते आणि माणसाला श्वास घ्यायला जागा राहते. १३५ असेल तर आणखी मागे जाता येते, पण मग तुमचा आवाज चढतो, आणि लाजऱ्या माणसाला सगळ्यांच्या देखत मोठ्याने सूचना नको असतात. त्यामुळे मी ८५ च पसंत करते.

मिररलेस कॅमेऱ्यात आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर असते. बुजऱ्या माणसांसाठी ते वरदान आहे, कारण पुष्कळ जण 'खट्' ऐकून दचकतात आणि पुढच्या 'खट्'ची वाट पाहत ताठ होतात. पण सभागृहातल्या एलईडी दिव्यांखाली तेच शटर फोटोत आडवे पट्टे उमटवू शकते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवला तर पट्टे बहुतेक जातात. आदल्या दिवशी सभागृहात जाऊन तपासून या. फ्लॅश थेट चेहऱ्यावर मारू नका. फ्लॅश येणार हे एकदा कळले की बुजरा माणूस तो येण्याआधीच डोळे मिटू लागतो. आणि व्हिडिओवाल्याशी आधीच बोलून घ्या. त्याचा दिवा तोंडावर असताना तुम्ही कितीही मऊ बोललात तरी उपयोग होत नाही.

वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आलात तर आपल्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. तुम्ही फडके घेऊन पुसत बसता आणि ती दोघे तेथे उभी राहून अवघडत जातात. कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे आधी पिशवीसकट बाहेर आणून ठेवा.

कुंकवाचा करंडा | २० नोव्हेंबर, सकाळी ११.००

मी वधूंचा मेकअप करते. थोडक्यात लिहिते. चेहरा ताठ दिसतो तेव्हा फोटोग्राफर समजतात की मुलगी लाजते आहे, पण पुष्कळदा तिला काहीतरी दुखत असते. चापाची नथ नाकपुडी चिमटून धरते आणि तासाभराने डोळ्यांत पाणी येते; अंबाड्यातल्या पिना टाळूला टोचतात; मुंडावळ्यांचा दोरा कानामागे काचतो; वराचे नवे जोडे चावतात. फोटो सुरू करण्याआधी एकदा हळूच विचारा, "कुठे काही दुखते आहे का?" नथ दहा मिनिटे काढून ठेवली तर लग्नाला काही होत नाही. घाम रुमालाने पुसू देऊ नका, टिपकागद माझ्यासारखीकडे मागा, आणि अबोलीच्या वळेसराचे, म्हणजे गजऱ्याचे, वजन मानेवर येते हे लक्षात ठेवून तिला अधूनमधून बसू द्या.

अंतरपाट | २० नोव्हेंबर, रात्री ८.४५

मी पौरोहित्य करतो. फोटोग्राफर मंडळींशी माझे भांडण नाही, पण एक दुःख आहे, आणि ते या विषयाशी जोडलेले आहे म्हणून लिहितो. सप्तपदीत चौथ्या पावलावर थांबवून "जरा पुन्हा मागे या" असे म्हटले जाते, तेव्हा वधूवरांचे मन विधीतून निघून आपण कसे दिसतो याकडे जाते, आणि मग ते परत येत नाही. ज्यांना मुळातच संकोच वाटतो त्यांचे तर येतच नाही.

विधी चालू असताना वधूवरांना काही करायला सांगण्याची गरजच नसते, कारण प्रत्येक क्षणी त्यांच्या हातांना काम असते. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो तेव्हा ती त्याच्याकडे पाहतेच. कानपिळीच्या वेळी सगळे हसतातच. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो, त्या क्षणी दोघांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते सांगून आणता येणार नाही. फोटोग्राफरने सकाळी दहा मिनिटे माझ्याजवळ बसून क्रम समजून घेतला तर पुन्हा करायला सांगण्याची वेळ येत नाही. होमाच्या वेळी वधूवर पूर्वेकडे तोंड करून बसतात. तुम्ही अग्नीच्या पलीकडे, थोडे तिरके, जमिनीवर बसा. उभे राहिलात तर त्यांची नजर वर जाते आणि तुम्ही त्यांच्या व देवाच्या मध्ये येता.

अबोल | २१ नोव्हेंबर, पहाटे ५.३०

मी सहसा येथे लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी माझे लग्न झाले. मी बोलताना अडखळतो, आणि लोक पाहत असले की जास्त अडखळतो.

त्या दिवशी मला सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला असेल तर हे कधी संपणार ते न कळण्याचा. कोणी म्हणाले असते की दहा मिनिटे काढू आणि मग अर्धा तास तुमच्याकडे वळणारही नाही, तर मी दहा मिनिटे आनंदाने दिली असती. दुसरे म्हणजे हात. मी हात कुठे ठेवायचे हे कोणी सांगितलेच नाही; नुसते "रिलॅक्स" म्हणत राहिले. माझ्या हातात उपरण्याचे टोक दिले असते, तिचा हार धरायला दिला असता, तरी पुरले असते. तिसरे म्हणजे, सगळ्यांच्या देखत मला तिच्या कपाळावर ओठ टेकवायला सांगितले. आमचे लग्न ठरवून झालेले, आम्ही तोवर नीट हातही धरला नव्हता. ती गोरीमोरी झाली. नाही म्हणायची मुभा आहे हे आधी सांगितले असते तर मी नाही म्हटले असते. काय चालेल आणि काय चालणार नाही हे आधी, दोघांना वेगवेगळे विचारावे, कारण एकमेकांसमोर नाही म्हणायलाही संकोच होतो.

सासष्टीची लेक | २१ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

अबोलबाब, तुम्ही लिहिलेत ते फार बरे झाले. माझ्या नवऱ्यालाही हेच म्हणायचे होते. मी त्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

कुळागरबाब, स्टेजवरच्या रांगेबद्दल एक सांगायचे राहिले. संध्याकाळी तीन तास आम्ही उभी होतो, प्रत्येक पाहुण्याबरोबर तेच हसू. माझे गाल अक्षरशः थरथरत होते. घरच्यांच्या गटफोटोंची यादी आधी करून घेतली आणि नावे पुकारायला एखादे काका उभे केले, तर ते अर्ध्या तासात आटोपते. मध्ये एकदा आम्हाला खाली बसवून कोणी पाणी आणि दोन घास खतखते दिले असते, तर पुढचे फोटो वेगळे आले असते.

कुळागर | २८ नोव्हेंबर, रात्री १०.१५

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला आहे.

काल दुसरी सही झाली. त्याआधी रविवारी मी दोघांच्या घरी कॅमेऱ्याशिवाय जाऊन आलो. मुलाच्या घरी पोफळीची बाग आहे. तो मला पाटाचे पाणी कसे फिरवतात ते दाखवायला घेऊन गेला आणि वीस मिनिटे अखंड बोलला. अबोलबाबांनी सांगितल्याप्रमाणे दोघांना वेगवेगळे विचारले. मुलगी म्हणाली की तिला फोटोंची भीती नाही, फोटो काढताना मामी जे बोलते त्याची आहे. मुलगा म्हणाला की उचलून घेणे, गुडघ्यावर बसणे वगैरे नको. मी लगेच हो म्हटले.

सहीच्या वेळी पहिली पाच मिनिटे तो पुन्हा आखडलाच. मी कॅमेरा खाली घेतला आणि साक्षीदारांशी बोलत बसलो. बाहेर पडताना पेनाचा प्रश्न विचारला. तिने ते पेन त्याच्या वडिलांचे होते असे सांगितले, त्याने मान हलवून कार्यालयातले होते असे सांगितले, आणि कारकुनाकडे परत जाऊन विचारावे की काय यावर दोघे जिन्यातच थांबून बोलू लागले. मला जिन्यात सहा फोटो मिळाले. त्यांतल्या चारांत दोघांचे डोळे हसत आहेत.

कुळागर | १४ डिसेंबर, सकाळी ११.२०

लग्न पार पडले. लिहायला उशीर झाला, क्षमस्व.

सगळे जमले असे म्हणता येणार नाही. मामीला जेवणाच्या व्यवस्थेत गुंतवण्याचे काम मुलीच्या धाकट्या काकांनी अंगावर घेतले होते, ते सकाळी उत्तम पार पडले, पण संध्याकाळी मामी स्टेजच्या पायरीवर येऊन बसली आणि मुलीचा चेहरा पुन्हा मिटला. त्या तासाभराचे फोटो मला आवडलेले नाहीत. शटर १/१०० वर ठेवूनही एका कोपऱ्यातल्या सजावटीच्या दिव्याने पट्टे आणलेच, तेव्हा तेथे साधे शटर वापरावे लागले आणि आवाज झाला.

सकाळ मात्र फार सुंदर गेली. भटजींजवळ आधी बसलो होतो, म्हणून एकदाही काही पुन्हा करायला सांगावे लागले नाही. वधूच्या खोलीत माझी आतेबहीण गेली. तिने नथीबद्दल विचारले, तर नथ खरोखरच टोचत होती. चापाखाली कापसाचा बारीक तुकडा ठेवला आणि पाच मिनिटांत भुवया खाली आल्या. दुपारी साडेचारनंतर ऊन उतरले, तेव्हा मी दोघांना देवळाच्या तळीकडच्या वाटेवर नेले. डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य मावळतो, त्यामुळे वेळ थोडाच होता. मी घड्याळ दाखवून सांगितले की बरोबर बारा मिनिटे, त्यानंतर तुम्ही चहा घ्यायला मोकळे. फक्त हळू चालायला सांगितले, आधी माझ्याकडे, मग माझ्यापासून दूर. दूर जाताना त्याने स्वतःहून तिच्या शालूचा काठ दगडावरून उचलून धरला. तो फोटो पाठमोरा आहे, चेहरे दिसतही नाहीत, आणि दोघांनी घरात लावायला तोच निवडला आहे.

आणखी एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या त्या लग्नाची हार्ड डिस्क मी काढली. अल्बमसाठी निवडले होते ते सगळे फोटो "हसा" म्हटल्यानंतरचे होते. मी गाळलेले चौदाशे फोटो चार रात्री बसून पाहिले. त्यांत माझ्या हाकेच्या आधीचे आणि नंतरचे क्षण आहेत. ती बहिणीचे काहीतरी ऐकते आहे, आजीच्या हातातली वाटी घेते आहे, पायातले जोडवे पुन्हा पुन्हा पाहते आहे. असे २३ फोटो निवडून, छापून, तिच्या माहेरी नेऊन दिले आणि वडिलांना म्हटले की याचे पैसे घ्यायचे नाहीत. काल तिचा निरोप आला. आजीबरोबरचा फोटो मोठा करून हवा आहे, आजी आता नाही.

जुनी निगेटिव्ह, उद्या सकाळी म्हापशाला येतो. बारा बाय अठराची चांगली मॅट छपाई तुमच्याच हातून हवी आहे.

जुनी निगेटिव्ह | १४ डिसेंबर, दुपारी १२.०५

दहाच्या आधी या. मूळ फाइल आणा, अल्बमसाठी लहान केलेली नको.